छोट्या शस्त्रक्रियेची संमती आणि भरपाईचा दावा

नागपुरात धंतोलीतला दवाखाना असो की रामदासपेठेतला, 'अर्ध्या तासाचं काम' म्हटलं की संमतीपत्र न वाचताच सही होते. नुसती सही कायद्याला पुरत नाही. काय करणार, कशासाठी, दुसरा उपाय कोणता, मोठे धोके कोणते आणि काहीच केलं नाही तर काय होईल, एवढं रुग्णाला कळलेलं असावं लागतं. समीरा कोहली खटल्यात (२००८) सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. दुर्बिणीच्या तपासणीला दिलेल्या संमतीवर तिथे गर्भाशय काढलं होतं. रुग्ण भुलीखाली असताना आईने दिलेला होकारही न्यायालयाने मानला नाही. जीवावर बेतलं असेल तरच अपवाद.

मानेच्या बाजूची गाठ काढणं घ्या. तिथे खांद्याची नस अगदी वरवरून जाते. ती दुखावली की खांदा उतरतो, हात डोक्यावर जात नाही. धोका माहितीतला आहे, म्हणून तो आधी सांगायलाच हवा. मात्र नस दुखावली एवढ्यावर निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. धोका सांगितला का, नस सांभाळण्याची काळजी घेतली का, हे कागदांतून दाखवावं लागतं.

त्यामुळे भांडण नंतर, कागद आधी. केसपेपर, संमतीपत्र, शस्त्रक्रियेची नोंद, बायोप्सी रिपोर्ट आणि बिल लेखी अर्जाने मागा, अर्जावर पोच घ्या. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरांनी ती ७२ तासांत द्यायची असतात. तीन वर्षं जपण्याचं बंधन भरती रुग्णांच्या कागदांपुरतं आहे, तेव्हा त्याच दिवशी घरी सोडलं असेल तर अजिबात थांबू नका. संमतीपत्रावर शस्त्रक्रियेचं नाव, तारीख, वेळ आहे का, रकाने नंतर भरल्यासारखे दिसतात का, ते बारकाईने पाहा. हात वर जात नसेल तर दुसऱ्या सर्जनला लगेच दाखवून नसेची तपासणी करा. उपचारालाही तिचा उपयोग आहे.

तक्रार दोन वर्षांच्या आत. उपचाराला मोजलेले पैसे ५० लाखांपर्यंत असतील तर जिल्हा ग्राहक आयोगात, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. शस्त्रक्रिया पुण्यात झाली तरी नागपुरात राहणारा इथेच दाखल करू शकतो. मेडिकल किंवा मेयो या इथल्या सरकारी रुग्णालयांत मोफत उपचार झाले असतील तर हा रस्ता सहसा बंद. दिवाणी न्यायालय गाठावं लागतं. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल डॉक्टरवर कारवाई करू शकते, भरपाई देत नाही. फौजदारी खटल्यासाठी तर घोर निष्काळजीपणाच लागतो (सर्वोच्च न्यायालय, जेकब मॅथ्यू खटला, २००५).