ओळखीतून नोकरी: मेसेज नेमका लिहा

‘काही असेल तर सांगा’ असा मेसेज टाकला की समोरचा ‘हो, बघतो’ म्हणतो आणि विसरून जातो. त्याला दोष देता येत नाही. काय बघायचं हेच त्याला कळलेलं नसतं.

नागपूरकडच्या मिहान, बुटीबोरी किंवा हिंगणा एमआयडीसीतली कंपनी आधी ठरवा. मग लिंक्डइनवर आपल्या कॉलेजचं पान उघडून माजी विद्यार्थ्यांच्या यादीत त्या कंपनीचं नाव टाका. दोन-तीन बॅच पुढचं कुणीतरी बहुतेक सापडतंच. त्यांना असं लिहा: ‘नमस्कार दादा, मी तुमच्याच कॉलेजची, मेकॅनिकल. तुमच्याकडे क्वालिटीच्या कामात सुरुवातीला काय यावं लागतं? दहा मिनिटं फोनवर बोलता येईल का?’ एवढ्याला माणूस सहसा नाही म्हणत नाही. बोलणं झाल्यावरच रेफरलचा, म्हणजे कंपनीत तुमचं नाव सुचवण्याचा, विषय काढा आणि जाहिरातीचा जॉब आयडी व बायोडेटाची पीडीएफ सोबत द्या, म्हणजे त्यांना शोधाशोध करावी लागत नाही.

जवळच्या मित्रांना बहुधा तुम्हाला ठाऊक असलेल्याच जागा माहीत असतात. नवी बातमी लांबच्या ओळखीतून येते, हे समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्येच मांडलं होतं. म्हणून आत्याचे शेजारी, जुने क्लासचे सर, लग्नात भेटलेले काका यांनाही जरूर विचारा. त्यात लाजण्यासारखं खरंच काही नाही.

आणि जागा लावून देतो म्हणून कुणी पैसे मागितले, तर तिथेच बोलणं थांबवा.