बटाट्यातलं तण आधीच्या पिकातच मोडा

नाशिक जिल्ह्यात निफाड-दिंडोरीकडे रब्बीचा बटाटा ऑक्टोबर-नोव्हेंबरात लागतो. त्याच्या तणाचा बंदोबस्त मात्र जूनपासूनच करायचा. खरिपात त्या रानात ताग, म्हणजे हिरवळीच्या खताचं पीक, दाट फेकून पेरा, एकरी साधारण 20 किलो. महिन्याभरात तो असा झाकतो की खाली माठ-घोळ उठतच नाही. फुलावर यायच्या सुमारास, 45-50 दिवसांनी, गाडून टाका. ताग परवडत नसेल तर सोयाबीन किंवा दाट पेरलेली बाजरी चालेल. टोमॅटो, मिरची, वांगं नको: बटाट्याच्याच घरातली पिकं, रोगही तेच.

लव्हाळ्याचं, म्हणजे गवतासारख्या चिवट तणाचं, रान असेल तर गोष्ट वेगळी. उपटून बघा, मुळाला काळ्या गाठी लागलेल्या दिसतील. प्रत्येक गाठ म्हणजे नवं रोप. ओल्या रानात रोटाव्हेटर फिरवला की त्या शेतभर पसरतात. एप्रिल-मेमध्ये खोल नांगरट करून ढेकळं तापू द्या, मग ताग. लव्हाळ्याला सावली सोसत नाही. एका हंगामात तो संपणार नाही, हेही खरं.

बटाट्याला 25-30 दिवसांनी भर लावताना, म्हणजे बुडाशी माती चढवताना, उरलंसुरलं तण मातीखाली जातं, म्हणून पुढच्या पिकाला रान स्वच्छ मिळतं. आपल्याकडे लगेच कांदा आठवतो. पण बटाट्यात मेट्रिब्युझिन हे तणनाशक मारलं असेल तर त्यामागे कांदा लावू नका. जमिनीत उरलेल्या औषधाने रोपं करपतात. तिथे मका घ्या, आणि काढणीत राहिलेले बटाटे उगवले की खुरप्याने काढून टाका.