इंग्रजी गोष्ट लिहिणाऱ्या मुलांना घरी मदत कशी करावी

इंदूरच्या मराठी घरातील मूल आजीशी मराठीत, गल्लीत हिंदीत आणि वर्गात इंग्रजीत बोलते. त्यामुळे तिसरी-चौथीत त्याला गोष्ट सुचते, पण इंग्रजीत ती दोन वाक्यांत आटोपते. म्हणून लिहायला बसवण्यापूर्वी ती गोष्ट तोंडी सांगू द्यावी, मराठीत सांगितली तरी चालेल.

‘माय बेस्ट फ्रेंड’सारख्या साचेबंद विषयाऐवजी ओळखीच्या जागेतला पेच द्यावा. दिवसा दागिन्यांची दुकाने असलेल्या सराफ्यात रात्री खाण्याच्या गाड्या लागतात. तिथे भुट्ट्याच्या किसात कुणाची हरवलेली अंगठी सापडली, तर पुढे काय होईल? अंगठी कुणाची, ती परत द्यायला कोण तयार नाही आणि शेवटी कोण हरतो, असे विचारत गेल्यास कथानक मूल स्वतःच रचते. ‘द मार्केट वॉज व्हेरी नाइस’ असे त्याने लिहिले, तर ते न खोडता तिथे काय दिसले, कसला वास आला, हे विचारावे. मग ‘द हॉट जलेबी बर्न्ड माय टंग’ असे जिवंत वाक्य येऊ शकते.

पहिल्या खर्ड्यावर लाल शाई नको. दुसऱ्या वाचनात एकाच प्रकारची चूक, उदाहरणार्थ भूतकाळाची क्रियापदे, दुरुस्त करावी. स्पेलिंग त्यानंतर पाहावे, जरी पालकांना (आणि काही शिक्षकांना) ही ढिलाई वाटली तरी. शेवटी मुलाला मोठ्याने वाचायला लावावे, म्हणजे सुटलेले शब्द त्यालाच खटकतात.