मेडिकल जेनेटिक्सकडे वळण्यापूर्वी: ठाणे-नवी मुंबईतील डॉक्टरांसाठी तयारीची यादी

या विषयाचा पहिला निर्णय बहुतेक डॉक्टरांकडून नकळत, एमडीची जागा निवडतानाच होऊन जातो, म्हणून यादीची सुरुवात तिथून करावी. मेडिकल जेनेटिक्स म्हणजे आनुवंशिक आजारांचे वैद्यकशास्त्र; त्यातील डीएम किंवा डीआरएनबी (एमडीनंतरच्या अतिविशेष पदव्या) हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम असून त्याला बालरोग, जनरल मेडिसिन किंवा स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र यांतील पदव्युत्तर पदवी लागते. एमबीबीएसनंतर प्रवेशाच्या समुपदेशन-फेरीत बसलेल्या आणि या विषयाची ओढ असलेल्या विद्यार्थ्याने हे आधी मनाशी पक्के करावे. माझे मत विचाराल तर बालरोगाचा पाया सर्वांत रुंद पडतो, कारण जन्मजात व्यंगे, चयापचयाचे आजार आणि विकासातील मागासलेपण यांची पहिली गाठ तिथेच पडते. मात्र गर्भावस्थेतील निदानाकडे कल असेल तर प्रसूतिशास्त्र आणि कर्करोगाच्या आनुवंशिकतेकडे असेल तर मेडिसिन, हेही तितकेच रास्त मार्ग आहेत.

प्रवेशाची बाब थोडक्यात सांगता येते. बहुतेक जागा नीट-एसएस या अतिविशेष अभ्यासक्रमांच्या प्रवेशपरीक्षेतून भरल्या जातात, तर एम्ससारख्या संस्थांसाठी आयएनआय-एसएस ही वेगळी परीक्षा असते. दोन्हींच्या तारखा आणि पात्रतेच्या अटी त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच पाहाव्यात. जागा मोजक्या आहेत. लखनौची एसजीपीजीआय, दिल्लीतील एम्स व सर गंगाराम रुग्णालय, हैदराबादची निम्स, वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज ही नावे पाहिली म्हणजे तीन वर्षे घर सोडावे लागण्याची शक्यता लक्षात येते, आणि ठाण्यात जम बसवलेल्या डॉक्टरने ही गोष्ट घरच्यांशी अर्ज भरण्याआधी बोलावी, निकाल लागल्यावर नव्हे. सेवेच्या बंधपत्राची (बाँडची) रक्कम व मुदत, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी, पदव्युत्तर पदवीची अतिरिक्त नोंद, ही कागदपत्रे एका फायलीत आधीच लावून ठेवावीत.

खरी तयारी मात्र आजच्या ओपीडीतच होते, आणि तिच्यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. रोज निदान एका रुग्णाची तीन पिढ्यांची वंशावळ स्वतःच्या हाताने काढावी. पुरुषाला चौकोन, स्त्रीला वर्तुळ, आजारी व्यक्तीचे चिन्ह भरलेले, नात्यातील विवाहाला दुहेरी रेघ, गर्भपात व बालमृत्यूही वगळायचे नाहीत, एवढे नियम एका दुपारी शिकता येतात. प्रश्न कसे विचारावेत हे शिकायला मात्र वर्षे लागतात. ‘नात्यात लग्न झाले आहे का?’ असे विचारले की आपल्याकडे पुष्कळदा ‘नाही’ असेच उत्तर येते, कारण मामाच्या मुलीशी लग्न ही अनेक घरांत रीतच मानली जाते आणि तिला कोणी ‘नात्यातले’ म्हणत नाही. त्याऐवजी पत्नीला ‘लग्नाआधी सासूबाई तुमच्या कोण लागत होत्या?’ असे विचारले आणि तिने सहज ‘आत्या’ म्हटले की कागदावरची एक रेघ दुहेरी होते आणि निदानाची दिशाच बदलते. सोबत मोजपट्टी बाळगावी. डोक्याचा घेर, डोळ्यांमधील अंतर, कानाची लांबी मोजून वयाच्या तक्त्यावर मांडावी. ‘चेहरा वेगळा वाटतो’ ही नोंद पुरेशी नाही. छायाचित्र घ्यायचे तर लेखी संमतीनंतरच.

ठाणे जिल्ह्यातील डॉक्टरला शिकण्यासाठी रुग्ण शोधत हिंडावे लागत नाही. उल्हासनगरच्या सिंधी वस्तीत बीटा थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्ताच्या आजाराचे वाहक, म्हणजे स्वतः आजारी नसून सदोष जनुक बाळगणारे, सापडतात, कच्छी भानुशाली आणि लोहाणा कुटुंबांतही ते आढळतात. म्हणून एचपीएलसीचा, म्हणजे रक्तातील हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या तपासणीचा, अहवाल स्वतः वाचायची सवय लावावी. त्यातील एचबीए२ या प्रकाराचे प्रमाण ३.५ टक्क्यांच्या वर गेले तर वाहक असण्याचा संशय घ्यावा, पण लोहाची कमतरता असल्यास हा आकडा खाली येऊ शकतो हेही विसरू नये. पती-पत्नी दोघेही वाहक निघाले तर वेळेचे गणित चोख असावे लागते, कारण गर्भवेष्टनाच्या पेशींची तपासणी साधारण ११ ते १३ आठवड्यांत, तर गर्भजलाची तपासणी १५ आठवड्यांनंतर होते. सुरुवातीच्या काळात मी एका जोडप्याला मूल आजारी होण्याचा ‘चारांत एक’ असा धोका सांगून समाधानाने उठलो होतो. पुढच्या भेटीत ती माउली म्हणाली, ‘पहिला आजारी झाला, म्हणजे आता पुढचे तीन चांगले ना, डॉक्टर?’ तेव्हापासून प्रत्येक गरोदरपणात चिठ्ठ्या नव्याने टाकल्या जातात, मागची चिठ्ठी कोणी लक्षात ठेवत नाही, असे मी कागदावर चार चिठ्ठ्या काढून दाखवतो आणि कुटुंबाकडून ते त्यांच्या शब्दांत परत सांगून घेतो. ही सवय डीएमच्या पहिल्या दिवसापूर्वीच लागलेली बरी.

जवळपास काय पाहायला मिळते, तेही जाणून घ्यावे. परळच्या केईएम रुग्णालयाला २०२१च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाखाली उत्कृष्टता केंद्राचा दर्जा आहे, त्याच आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे, आणि खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये टाटा मेमोरियल सेंटरचे कर्करोग-आनुवंशिकतेचे काम चालते. तेथील व्याख्याने, कार्यशाळा यांवर लक्ष ठेवावे. ठाण्याहून खारघर पनवेल लोकलने थेट गाठता येते.

अभ्यासात जनुकातील बदलांचा अर्थ लावण्याच्या २०१५च्या एसीएमजी-एएमपी निकषांवर आधी हात बसवावा. जनुकातील बदल पाच गटांत कसा विभागतात, आणि मधल्या, अर्थ निश्चित न झालेल्या गटातील बदलावर गर्भपातासारखा निर्णय का घेऊ नये, हे समजल्याशिवाय प्रयोगशाळेचा अहवाल रुग्णाच्या हाती देऊ नये. क्लिनव्हार, ओमिम आणि नोमॅड हे जनुकीय माहितीचे ऑनलाइन संग्रह वापरून पाहावेत. भारतीय लोकसंख्येची नोंद नोमॅडमध्ये तुलनेने कमी असल्याने इंडिजेन व जीनोमइंडिया या भारतीय जनुकीय प्रकल्पांच्या माहितीकडेही वळावे. कायद्याचा भाग टाळता येत नाही: १९९४चा गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायदा आणि गर्भपात कायद्यातील २०२१ची दुरुस्ती मुळातून वाचावी. स्वतःचे आनुवंशिक समुपदेशन केंद्र काढायचे झाल्यास समुचित प्राधिकाऱ्याकडे नोंदणी आणि ठरलेल्या नमुन्यांतील नोंदी बंधनकारक आहेत.

पदवीनंतर रुग्णालयातील सल्लागार, गर्भचिकित्सा विभाग, कर्करोग केंद्र, निदान प्रयोगशाळा आणि संशोधन-अध्यापन असे मार्ग आहेत. एका कुटुंबाला तासभर लागतो, त्यामुळे फक्त तपासणी-शुल्कावर स्वतंत्र दवाखाना चालवणे अवघड. सुरुवातीला दोन-तीन रुग्णालयांशी ठरावीक दिवसांचे बोलणे करावे. कुठेही काम करा, पण पहिल्या दिवसापासून अनिश्चित निष्कर्षांची वेगळी वही ठेवा. तिच्यात रुग्णाच्या फोन क्रमांकाबरोबर एका जवळच्या नातेवाइकाचाही क्रमांक त्यांच्या संमतीने लिहा, कारण दोन वर्षांनी त्या बदलाचे फेरवर्गीकरण झाले, तोवर ते कुटुंब कळव्याहून बदलापूरला गेले आणि जुना क्रमांक बंद पडला, तर त्यांना हे सांगायला तुमच्याशिवाय दुसरे कोणी नसते.