पहिला छेद घेण्याआधी: शस्त्रक्रिया-सुरक्षा यादीची तयारी

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली तयार केलेली शस्त्रक्रिया-सुरक्षा यादी एका पानाची आहे आणि तिच्यात १९ मुद्दे आहेत. ज्या रुग्णालयाला ती आपल्या ऑपरेशन थिएटरमध्ये सुरू करायची आहे, त्याने प्रती छापून घेण्याआधी ती मोठ्याने वाचणार कोण, हे ठरवावे. निर्जंतुक गाऊन न घालता टेबलाभोवती ये-जा करणाऱ्या परिचारिकेकडे हे काम देणे सर्वांत सोयीचे असते. मात्र उत्तर मिळेपर्यंत काम थांबवण्याचा अधिकार तिला आहे, हे सर्वांत ज्येष्ठ सर्जनने सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडून सांगितलेले असावे. हे झाले नसेल, तर बाकीची तयारी कागदावरच राहते.

असे म्हणण्याला आधार आहे. यवतमाळ जिल्ह्यातील उटी हे ज्यांच्या वडिलांचे गाव, ते अमेरिकेतील सर्जन अतुल गावंडे आणि त्यांचे सहकारी यांनी दिल्ली, मनिला, अम्मान, लंडन, सिॲटल, टोरांटो, ऑकलंड आणि टांझानियातील इफाकारा अशा आठ ठिकाणच्या रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली. जानेवारी २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. पुढे कॅनडातील ओंटारिओ प्रांताने आपल्या रुग्णालयांत यादी लागू केली. तिथल्या १०१ रुग्णालयांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा मृत्यूंत लक्षणीय घट आढळली नाही, जरी कागदोपत्री यादीचा वापर जवळपास सर्वत्र होत होता. या फरकाच्या कारणांवर पुष्कळ वाद झाला. माझे मत असे की खूण करणे आणि थांबून एकमेकांशी बोलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तयारी करायची ती दुसरीची.

आदल्या संध्याकाळी रुग्ण जागा असताना, त्याला विचारूनच, शस्त्रक्रियेच्या बाजूवर न पुसली जाणारी खूण करावी. संमतिपत्र त्याला समजणाऱ्या भाषेत असावे. एक्स-रे आणि स्कॅन नातेवाइकांच्या पिशवीत न राहता केसपेपरसोबत थिएटरमध्ये पोहोचावेत.

यादी तीन थांब्यांवर वाचायची असते. पहिला थांबा भूल देण्याआधीचा. इथे ‘तुम्ही पाटीलच ना?’ असे विचारू नये, कारण घाबरलेला माणूस कशालाही होकार देतो आणि एकाच दिवशी दोन पाटील असणे आपल्याकडे मुळीच नवलाचे नाही. त्याने स्वतःचे पूर्ण नाव, कोणती शस्त्रक्रिया आणि कोणती बाजू हे स्वतः सांगावे. भूलतज्ज्ञाने यंत्र व औषधे तपासलेली असावीत, पल्स ऑक्सिमीटर लावलेला आणि चालू असावा. औषधांची ॲलर्जी, श्वासनलिकेत नळी घालताना येऊ शकणारी अडचण आणि ५०० मिलिलिटरहून अधिक (मुलांमध्ये किलोमागे ७ मिलिलिटर) रक्तस्रावाची शक्यता यांची उत्तरे याच वेळी हवीत, कारण तसा धोका असेल तर पुरेशा शिरा आधीच धरून सलाईन व रक्ताची सोय करता येते.

दुसरा थांबा छेद घेण्याच्या क्षणाआधीचा, आणि सर्वांत जास्त टाळाटाळ याच थांब्याची होते. सगळ्यांनी हातातले काम थांबवून आपले नाव व काम सांगायचे असते. रोज एकत्र काम करणाऱ्यांना हे अवघडल्यासारखे वाटते, पण नव्याने आलेल्या सिस्टरने एकदा स्वतःचे नाव उच्चारले, की पुढे काही चुकते आहे असे दिसल्यावर बोलणे तिला सोपे जाते. मग सर्जनने अवघड टप्पे, लागणारा वेळ आणि अपेक्षित रक्तस्राव सांगावा, भूलतज्ज्ञाने रुग्णाविषयीची आपली काळजी आणि परिचारिकेने उपकरणांच्या निर्जंतुकीकरणाची खात्री. प्रतिजैविक द्यायचे असेल तर ते गेल्या ६० मिनिटांत दिले गेले आहे का, हा प्रश्न इथलाच. छेद घेतला जातो तेव्हा औषध ऊतींमध्ये पुरेशा प्रमाणात असावे लागते; वॉर्डात सकाळी सातला इंजेक्शन देऊन ठेवले आणि केस अकराला लागली, तर त्याचा भरवसा धरता येत नाही. म्हणून हे इंजेक्शन वॉर्डातून काढून थिएटरमधील भूलतज्ज्ञाकडे सोपवण्याचा नियम आधीच करून टाकावा.

तिसरा थांबा रुग्ण थिएटरबाहेर जाण्यापूर्वीचा. गॉज, मॉप (रक्त टिपण्याचे कापडी तुकडे), सुया व हत्यारे सुरुवातीला मोजून फळ्यावर लिहिली असतील तरच शेवटच्या मोजणीला अर्थ राहतो, म्हणून फळा आणि खडू किंवा मार्कर यांची सोयही तयारीतच धरावी. मोजणी जुळली नाही तर काय करायचे, शोध कुठवर घ्यायचा, एक्स-रे कधी काढायचा, हे आधीच लिहून भिंतीवर लावावे. तपासणीला जाणाऱ्या नमुन्याच्या बाटलीवरची चिठ्ठी रुग्णाच्या नावासकट मोठ्याने वाचावी, आणि बिघडलेले उपकरण त्याच दिवशी वहीत नोंदवावे.

पहिला महिनाभर एकाच सर्जनच्या एकाच टेबलावर ही पद्धत चालवावी. दर आठवड्याला सगळ्यांनी बसून कोणता प्रश्न वगळला गेला आणि का, हे पाहावे, आणि आपल्या कामाला लागणारा एखादा मुद्दा यादीत जोडावा. जागतिक आरोग्य संघटनेने तशी मुभा दिलेली आहे.