डेटा लोड करण्याआधीचा फिल्टर : या चुका टाळा

‘लोड यशस्वी’ असं हिरव्या अक्षरांत आलं की नवीन पोरं खूश होतात. किती ओळी गळल्या, हे कुणी विचारत नाही. आलेल्या फायलींतून हव्या तेवढ्याच ओळी निवडून (म्हणजे फिल्टर लावून) डेटाबेसमध्ये भरायच्या, म्हणजे लोड करायच्या, स्क्रीन मी बेळगाव, निपाणी, चिकोडी भागात पतसंस्था आणि साखर कारखान्यांसाठी बनवतो. चुका दरवेळी त्याच दिसतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे जिल्हा-तालुका-गाव टाइप करायला मोकळी चौकट ठेवणं. आपल्या भागात एका गावाचं नाव एकाच तऱ्हेनं लिहिलेलं सापडेल तर शपथ. निपाणी आणि निप्पाणी, चिकोडी आणि चिक्कोडी, येळ्ळूर आणि यळ्ळूर. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावी आलं, त्याआधीच्या फायलींत बेळगाव. त्यात काही फायली कन्नड लिपीत. निपाणी तालुका चिकोडीतून वेगळा झाला, त्यामुळं तेच गाव जुन्या फायलीत चिकोडी तालुक्यात दिसतं.

एका कारखान्यात ऊस नोंदीच्या फायली गटवार यायच्या. ऑपरेटरनं चौकटीत ‘बेळगावी’ टाकलं, बटण दाबलं. ‘बेळगाव’ लिहिलेल्या फायली गुपचूप बाहेर राहिल्या. स्क्रीन मीच केली होती आणि वगळलेल्या फायली दाखवायची सोय तिच्यात नव्हती. पंधरवड्यानं खानापूरकडचे एक काका काट्याची पावती घेऊन ऑफिसात आले. “काय ओ साहेब, ऊस काट्यावर चढला, मग बिल कुठं गेलं?” पावती घडी घालून घालून मऊ पडली होती. त्यांच्या गटाची अख्खी फाइलच लोड झाली नव्हती. त्या रात्री एकेक फाइल उघडून नावं जुळवत बसलो.

तेव्हापासून मी गावाला एक कोड देतो आणि त्याखाली त्या गावाची सगळी स्पेलिंग, जुनी-नवी, दोन्ही लिप्यांतली, टाकतो. टाइप करायला देतच नाही, यादीतून टिक करायला देतो. आणि लोडच्या बटणाशेजारी दोन आकडे ठेवतो : घेतलेल्या ओळी, वगळलेल्या ओळी. वगळलेल्यांवर क्लिक केलं की फायलींची नावं दिसलीच पाहिजेत. हे कोड बसवायला दोन दिवस जातात म्हणून कंटाळणाऱ्यांनी हे काम घेऊ नये.

दुसरी चूक अर्ध्या नमुन्यावरून यादी बनवण्याची. वरच्या हजारभर ओळी वाचून टिक करायची यादी तयार केली, तर फायलीत तळाशी असलेलं खानापूर तिच्यात येणारच नाही. पॉवर क्वेरीत (एक्सेलमधलं डेटा आणायचं-गाळायचं साधन) रकान्याच्या बाणाखालची यादीही १,००० वेगळ्या नोंदींवर थांबते, पण ती निदान यादी अपुरी असल्याचं सांगते आणि पुढचं आणायला बटण देते. आपल्या स्क्रीननं तेवढं तरी करावं. मी मूळ डेटाबेसकडूनच वेगळी नावं मोजणीसकट मागवतो.

काहीच टिक केलं नाही तर ‘सगळं’ की ‘काहीच नाही’? स्क्रीनवर शब्दांत लिहा.

शोधून चार गावं समोर आणली आणि ‘सगळी निवडा’ दाबलं, तर चारच निवडली जावीत. मागं लपलेली चारशे नव्हे.

‘चिकोडी सोडून’ अशी अट एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसकडून माहिती मागायच्या भाषेत, लावली की तालुका रिकामा, म्हणजे नल असलेल्या ओळीही जातात. ‘रिकामे’ अशी वेगळी टिक ठेवा.

सगळं आधी मेमरीत ओढायचं आणि मग गाळायचं, हा शॉर्टकट मला अजिबात खपत नाही. अट डेटाबेसकडे पाठवा, तो गाळून देतो.

मागच्या वेळचा फिल्टर आपोआप लावून ठेवू नका. ठेवलाच तर वर ठळक दिसू द्या.

तारखांचं नीट बघा. ‘३१ मार्चपर्यंत’ निवडलं आणि रकान्यात वेळही असेल, तर तुलना ३१ तारीख सुरू होते त्या क्षणाशी होते आणि त्या दिवसभराच्या पावत्या गळतात. मी आत ‘१ एप्रिलच्या आधी’ अशी अट लावतो आणि स्क्रीनवर ३१ मार्चच दाखवतो.