मुलगा सिंगापूरचा पीआर असेल तर एनएसची तयारी अशी करा

आईवडिलांच्या आधारे सिंगापूरचा पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, मिळालेल्या मुलाला नॅशनल सर्व्हिस, म्हणजे एनएस ही सक्तीची, मुख्यतः लष्करी सेवा, चुकत नाही. पासपोर्ट भारताचा असला तरी नाही. 1967 पासून चालत आलेल्या या सक्तीत 2 वर्षे पूर्णवेळ सेवा असते आणि नंतर राखीव दलाची बोलावणी येत राहतात. टाळल्यास 10,000 सिंगापूर डॉलरपर्यंत दंड, 3 वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. सेवा न करता पीआर सोडला, तर पुढे तिथे शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी अर्ज करताना ते आडवे येते. म्हणून मुलाच्या नावाने पीआरचा अर्ज भरायच्या आधीच घरात बसून हा हिशेब करा.

मराठी घरांत पहिली गफलत होते ती अकरावी-बारावीला मुलाला पुण्याला किंवा कोट्याला पाठवताना. 13 वर्षे पूर्ण झाली की 3 महिने किंवा त्याहून जास्त काळ देशाबाहेर राहायला एक्झिट परमिट लागते. साडेसोळा वर्षांच्या आतल्या मुलाला 2 वर्षे किंवा जास्त काळ पाठवायचे तर हमीही द्यावी लागते: 75,000 सिंगापूर डॉलर किंवा दोन्ही पालकांच्या मागील वर्षाच्या एकत्रित उत्पन्नाच्या निम्मी रक्कम, यांपैकी जे जास्त असेल ते.

दुसरी गफलत जेईईची. एनएस पुढे ढकलून मिळते ती साधारण बारावी किंवा पॉलिटेक्निक डिप्लोमापर्यंतच, पदवीसाठी नाही. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड मात्र बारावीचे वर्ष आणि त्याच्या पुढचे, अशी दोनच वर्षे देता येते. त्यामुळे दुसरी संधी बहुधा बराकीत असतानाच निघून जाते. तिथली विद्यापीठे सेवा संपेपर्यंत जागा राखतात, भारतातली बहुतेक महाविद्यालये राखत नाहीत.

भरतीपूर्व वैद्यकीय तपासणीला जाताना लहानपणच्या दम्याचे, फिट्सचे, शस्त्रक्रियांचे कागद भारतातून मागवून घ्या. त्यांवर आजाराचे निदान इंग्रजीत आणि स्पष्ट लिहिलेले हवे. ‘प्रकृतीची श्रेणी चांगली मिळावी’ म्हणून दमा लपवणे हा शुद्ध वेडेपणा आहे. दमट उकाड्यात पाठीवर बोजा घेऊन चालताना तो उघडा पडतोच.

खरी मेहनत करायची ती आयपीपीटीवर, म्हणजे शारीरिक क्षमतेच्या चाचणीवर. परीक्षा 100 गुणांची: एका मिनिटात पुशअप 25 गुण, एका मिनिटात सिटअप 25, आणि 2.4 किलोमीटर धावणे 50. प्रकृतीची श्रेणी वरची असेल आणि भरतीपूर्वी 61 गुण मिळवले, तर सेवा 2 महिन्यांनी कमी होते, म्हणजे 22 महिनेच. बावीस वर्षांखालच्या मुलाला पूर्ण गुणांसाठी 60 पुशअप, 60 सिटअप आणि साडेआठ मिनिटांत धाव लागते. 61 साठी त्याच्या आसपासही जावे लागत नाही. तरी मुले आपटतात, कारण जिममध्ये दंड कमावतात आणि निम्मे गुण असलेले धावणे सोडून देतात. सहा महिने आधी सुरुवात करा. आठवड्यातून एकदा सावकाश 5 किलोमीटर, एकदा 400 मीटरच्या सहा वेगवान फेऱ्या (मध्ये दीड-दोन मिनिटे विश्रांती) आणि एकदा घड्याळ लावून 2.4. पुशअप घरी कुणाला तरी समोर बसवून मोजा. छाती पुरेशी खाली गेली नाही तर तो धरला जात नाही, आणि घरी चाळीस काढणाऱ्याचे तिथे पंचवीसच भरतात.

पायाभूत प्रशिक्षण, म्हणजे बीएमटी, तेकोंग बेटावर होते. तंदुरुस्त मुलांना साधारण 9 आठवडे, वजन जास्त असणाऱ्यांना बरेच अधिक. कवायतीचे हुकूम मलयमध्ये असतात: ‘सेदिया’ म्हणजे सावधान, ‘सनांग दिरी’ म्हणजे विश्राम. शाकाहारी जेवण मिळते, मैदानी शिबिरातल्या पाकिटांतही, पण ते आधीच नोंदवा. गणवेश, बूट, हेल्मेट सगळे तिथेच मिळते. बूट संध्याकाळी, जाड मोजे घालून मापा. बोटे पुढे टेकली तर 24 किलोमीटरच्या शेवटच्या संचलनात नखे काळी पडतात. घरून जादा मोजे, पायाची पावडर आणि मांड्या काचू नयेत म्हणून चिकटून बसणाऱ्या चड्ड्या द्या.

रायफल सार 21, सिंगापूरमध्येच बनलेली, 5.56 मिलिमीटरची, रिकामी सुमारे 3.8 किलो. मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, चापाच्या मागे असते आणि काडतुसाची रिकामी पुंगळी उजवीकडे उडते.  रायफल क्षणभरही कुठे टेकवून जायचे नाही. विसरली तर शिक्षा ठरलेली. सफाईत मुले नळी चकाचक करतात आणि बोल्टवरची, म्हणजे काडतूस आत ढकलणाऱ्या भागावरची, काजळी तशीच ठेवतात. अडकते ती तिथेच.

पैशांबाबत भ्रम नको. हा पगार नसून भत्ता आहे. जुलै 2023 मध्ये नव्या रिक्रूटचा भत्ता महिना 630 वरून 755 सिंगापूर डॉलर झाला आणि जुलै 2025 मध्ये पुन्हा थोडा वाढला. हुद्द्याप्रमाणे तो चढतो, काही जोखमीच्या कामांना वेगळी रक्कम असते. राहणे, खाणे, औषधपाणी फुकट, त्यामुळे हातखर्च भागतो; घराला हातभार लागत नाही.

सेवा संपल्यावर साधारण 10 वर्षांचे राखीव प्रशिक्षण असते, वर्षाला 40 दिवसांपर्यंत. सामान्य हुद्द्यांना वयाच्या चाळिशीपर्यंत, अधिकाऱ्यांना पन्नाशीपर्यंत दायित्व राहते. या काळात 14 दिवस किंवा जास्त बाहेर जायचे तर कळवायचे आणि 6 महिने किंवा जास्त असेल तर परमिट घ्यायचे. बंगळुरूला किंवा पुण्याला नोकरी धरताना रुजू होण्याच्या तारखेआधी तेवढा वेळ हाताशी ठेवा.